काच पुसायचं पाणी

९ एप्रिल

जिन्यात पुन्हा पडलो. चप्पल पायातून कधी निघाली, कळलंच नाही. मागून पांग दादा — "काय आजोबा, काठी आणू का?" सगळे हसले. मीही हसलो.

१२ एप्रिल

जेवायच्या काड्यांतून शेवया निसटतात. वाडगं तोंडाला लावून खाल्लं. थोरल्या काकांचंही असंच सुरू झालं होतं — आधी पाय, मग अंथरूण. अकरा वर्षं. मी एकवीसचा आहे. आईला फोनवर काही बोललो नाही.

१५ एप्रिल

पांग दादा कारखान्यात आमच्या टेबलाचा मुकादम, माझ्याच तालुक्यातला. म्हणतो, अंगात गारठा शिरलाय. खरंच असेल. फोनच्या काचा पुसायच्या खोलीत सतत यंत्राची थंड हवा, धूळ नको म्हणून खिडकी नाही. आलं घालून कढत पाण्यात पाय सोड, म्हणाला, घाम फुटेपर्यंत काढू नकोस. उद्या सुट्टी. करून बघतो.

१६ एप्रिल

पाणी कोमट वाटलं म्हणून थर्मासमधलं आणखी ओतलं. दोनदा. पांग दादाने बोट बुडवलं आणि शिवी हासडून मागे घेतलं. माझे पाय आतच होते! घोट्यापर्यंत फोड आलेत. दुखत नाहीत. दुखायला हवेत ना?

१८ एप्रिल

इस्पितळ. काकांचं, कामाचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काचा कशाने पुसता? सांगितलं — आधी दारूच्या वासाचं पाणी होतं. नव्या वर्षाच्या सुट्टीनंतर दुसरं आलं. झटकन वाळतं, काचा जास्त होतात. त्यांनी पेन खाली ठेवलं. ते श्वासातून आत जातं म्हणे, नसा कुरतडतं. पायाची नस सगळ्यात लांब, म्हणून आधी पाय.

"काकांचा आजार नाही हा. त्या खोलीत परत जाऊ नकोस, बरंचसं भरून येईल."

किती दिवसांत, ते नाही सांगितलं. टेबलावर आणखी कितीजण, विचारलं. आठ. पण त्यांना काही नाही, म्हटलं. मलाच झालंय.

२१ एप्रिल

मी पाण्याचं सांगितलं, बाईंनी वर कळवलं, म्हणून खोलीला कुलूप. काम बंद, मजुरीही बंद. पांग दादा ताट घेऊन दुसरीकडे बसला. जाताना एवढंच — "तुझे पाय गेले, आमच्या पोटावर का उठलास?"

रात्रभर पायाची बोटं हलवून बघत होतो.

२४ एप्रिल

डॉक्टरीणबाई वसतिगृहावर आल्या. आठहीजण बाकावर, अनवाणी, डोळे मिटून. पायाला सुई टोचली की हो म्हणायचं. पहिले दोघे हो म्हणाले. मग कुणीच नाही. पांग दादा शेवटचा. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला. बाईंनी तो पुसला, सुई डबीत ठेवली.

तो डोळे मिटूनच म्हणाला, "माझी पाळी कधी, बाई?"