चुंबळीवर बसायची ती जागा

माय, तुले जाऊन इतके दिवस झाले की तुहा आवाज आता धड आठवत नाही, पण चुलीपाशी तू कशी बसायची ते डोळ्यासमोर तसंच आहे. पाण्याचा गुंड डोक्यावर घ्याले कापड पिळून केलेली चुंबळ तू खाली ठेवायची अन् तिच्यावर एका अंगानं कलून बसायची. मी विचारायची, माय, डोक्याची चुंबळ बुडाखाली काहून घेते? तू म्हणे, जमीन गार लागते. ऐन उन्हाळ्यातही तुले जमीन गारच लागे.

हे मी उभ्यानंच लिहून राह्यली, गॅसच्या ओट्यावर कागद ठेवून. दुसरीत तूच मले शाळेतून काढलं, बकऱ्या पाहाले कोणी नोतं, म्हणून अक्षरं वाकडी येतील. बाजूले नातू पाळण्यात झोपला आहे. त्याचं तुले काय सांगू वं, हसला का दोन्ही गालाले खळी, अन् नाक तर सारं तुहंच. सून म्हणते, त्याच्या मामासारखं आहे. म्हणू दे. त्याचं सांगाले लागली तर मुख्य गोष्ट राहून जाईल.

मुख्य गोष्ट अशी, का तुह्या त्या गार जमिनीचं दुखणं मलेही आहे. धाकट्याच्या बाळंतपणानंतर लागलं, ते गेलंच नाही. बसलं का खाली निखारा ठेवल्यासारखं. तुले एकदाच सांगतलं होतं, परसात भांडे घासता घासता. तू हातातली राख तशीच धरून इकडंतिकडं पाह्यलं अन् दबक्या आवाजात रागावली, "कोणी विचारलं तर कंबर म्हणायचं. त्याच्या खालचं बाईनं बोलू नये." मी तसंच केलं. बालाघाटात कंबर सांगतली, गोंदियात कंबर सांगतली. फोटो काढले कंबरेचे, पट्टा दिला कंबरेचा, शेक, मालीश, सारं कंबरेले. कंबर बिचारी चांगलीच होती.

औंदा मोठी नात मले नागपूरले डॉक्टरणीपाशी घेऊन गेली. नातीले मराठी समजते, बोलते हिंदीच. मी कंबर सांगाले तोंड उघडलं, तेवढ्यात ती पोट्टी बोलून गेली, "दादी को कमर में नहीं, नीचे दर्द है, जहाँ बैठते हैं वहाँ।" मी पदर तोंडावर घेतला. डॉक्टरीण हसली नाही. इतके वर्षं कोणाले सांगतलं काहून नाही, म्हणून विचारलं. आता तिले काय सांगू, मायनं सांगून ठेवलं म्हणून?

ती म्हणाली, बैठकीकडं जाणारी एक नस असते, ती दुखते. तीच आहे का, हे पाहाले बधिराचं इंजेक्शन दिलं. दवाखान्याबाहेर झाडाखाली नातीनं डबा सोडला अन् मी खाली मांडी घालून बसली. माय, मांडी घालून. वांग्याची भाजी थंडगार झाली होती, तरी मी बोटं चाटून खाल्ली. वापस येताना गाडीत पुन्हा निखारा पेटला.

आता ती म्हणते, सुईनं त्या नसेले शेक देऊ. काहींले बरेच महिने आराम पडतो, काहींले काहीच फरक नाही, जागा थोडे दिवस बधिर राहू शकते. पक्कं मी सांगत नाही, विचार करून कळवा. पोरगा म्हणतो, करून टाक. सून म्हणते, या वयात नसेले हात कायले लावता, अन् दवाखान्यातली भोकाची गादी आणून देते, तुह्या चुंबळीचीच बहीण. मी दोघांलेही हौ म्हणते. थकली मी, माय. दुखण्यानं थकली, अन् त्याहून ते लपवून लपवून.

परवा मेथी निसता निसता खैरलांजीकडचं ते लग्न आठवलं. पंगती उठून राह्यल्या, तू भाताची टोपली घेऊन वाढून राह्यली. बाया म्हणतात, हिची माय पाहा, बसतच नाही, कामाची वाघीण आहे. मी कौतुकानं फुगून गेलती. सगळ्यांचं झाल्यावर मांडवामागं तू पत्रावळ हातावर धरून उभ्यानंच जेवली. आता समजते, तुले बसताच येत नोतं. अन् साऱ्या गावानं वाहवा केली.

मेथी तशीच टाकली अन् नातीले फोन करून म्हटलं, डॉक्टरणीले हौ कळव. घरात सांगतलं, नातवाले मांडीवर घ्याचं आहे म्हणून करते. साऱ्यांले पटलं, सुनेलेही.

हा कागद धाडू कुठं? माह्या चुंबळीच्या पिळात खोचून ठेवते. नातवाचं तर काही अडत नाही, त्याले मी पलंगावर आडवी होऊन खेळवतेच. तुले तेवढं खरं सांगते. मले एकटीनं, सावकाश, मांडी घालून जेवायचं आहे.