रंगनाथदादाची वेळ

॥ श्री ॥
गंगापूर रोड, नाशिक
३ नोव्हेंबर २०२५

चि. सोमनाथ यास अ. उ. आ.

फोनवर तिसऱ्या वाक्याला मी चढते आणि चौथ्याला तू फोन ठेवतोस, म्हणून हे पत्र. हे मध्येच खाली ठेवलंस तरी माझं बोलून झालेलं असेल.

काल तेजस्विनी आली होती. दोन घास खाल्ले आणि उठली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की पुढच्या मोसमात तुझ्या टीमची एकच गाडी उतरणार, ती रविराज चालवणार, आणि नाव तीस तारखेपर्यंत पाठवायचं आहे. हे पोटच्या मुलीला तू वर्कशॉपच्या फळ्यावर लिहून कळवलंस. तोंड काय सिन्नरच्या एमआयडीसीत गहाण टाकलं आहेस?

फळ्यावर म्हणे दोघांच्या सरासरी वेळा शेजारी शेजारी लिहिल्या होत्यास. दहा शर्यती, दहाही वेळा रविराज पुढे. मान्य. पण कितीने पुढे? एका फेरीला सरासरी तीन दशांश सेकंद. मातीच्या ट्रॅकवर निफाडच्या या मुलाइतका वेगवान आज देशात दुसरा नाही, हे तूच छाती फुगवून सांगतोस. गेल्या वर्षी त्याच्या जोडीला मयूर होता. तो सात दशांश मागे असायचा, तरी जाताना त्याला तू शाल पांघरलीस. पोरीला सगळ्यांत उंच माणसाशेजारी उभं करायचं आणि मग ती बुटकी आहे म्हणून बोंब मारायची, हा कुठला न्याय?

नवा गिअरबॉक्स आधी कुणाच्या गाडीत बसतो, तेही मला ठाऊक आहे.

शेवटी लोभ मागायची रीत आहे. तेजूची गाडी ठेव, मग लोभाचं बघू.

तुझी
मीनाताई


॥ श्री ॥
सिन्नर
९ नोव्हेंबर २०२५

ती. मीनाताईस सोमनाथचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझी गुडघेदुखी कशी आहे ते तू लिहिलं नाहीस. शिव्यांना जागा पुरली नसावी.

गिअरबॉक्स दोन्ही गाड्यांत एकाच दिवशी बसले, जुलैमध्ये. मी स्वतः बसवले. बत्तीस वर्षं वजनमापांच्या कार्यालयात काढलेल्या बाईनं ऐकीव गोष्टीवर ठपका ठेवावा, याचं नवल वाटलं. माझे दोन मेकॅनिक पुण्याला गेले, म्हणून एकच गाडी. फळ्याचं मात्र चुकलं. समोर उभं राहून सांगायची हिंमत झाली नाही.

पण ताई, मयूरचं मला सांगू नकोस. मयूर कधी मोठा होणार नव्हता, म्हणून तर शाल देऊन पाठवलं. माझं माप आपल्या रंगनाथदादाचं आहे. पंच्याऐंशी सालची घोटीच्या पुढची घाटाची शर्यत आठव. आपल्या गॅरेजच्या दोन जीप होत्या. एक दादाकडे, एक गोटीराम मिस्त्रीकडे. जीप गोटीरामच्या हाताचं ऐकते, असं तात्या स्वतः म्हणायचे. त्या गोटीरामला दादानं पहिल्याच मोसमात तीन सेकंदांनी मागे टाकलं. वेळेच्या त्या कागदावर मुंबईच्या टीमनं त्याला नेलं, आणि पुढे तो तीनदा देशात पहिला आला. ज्याच्यात असतं, तो आपल्याहून सरस जोडीदाराला एकदा तरी हरवतोच. तेजूला दहांत एकदाही जमलं नाही. हे मी तुला काय सांगायचं? वरच्या रेघेवर घड्याळ घेऊन तूच बसली होतीस. मी तर बारा वर्षांचा, तात्यांच्या खांद्यावरून बघत होतो.

तरी तुझ्या शब्दाखातर एवढं करतो. दादाच्या त्या दिवसाच्या जवळ जाईल असं काही तेजूनं केल्याचं मला तीस तारखेच्या आत दाखव. रविराजचं नाव खोडतो.

रागावर औषध घे, आणि माया आटू देऊ नकोस.

तुझा
सोमनाथ


॥ श्री ॥
नाशिक
१७ नोव्हेंबर २०२५

चि. सोमनाथ यास अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा फाडलं. गिअरबॉक्सबद्दलचं मागे घेते. बाकीचं बसून वाच.

तेव्हा गाडी खालून ठरल्या मिनिटाला सुटायची आणि वर मी त्याच मिनिटाला घड्याळ चालू करायचे. पुढचं चाक चुन्याच्या रेघेवर आलं की बटण दाबायचं. रेघेच्या अलीकडे करवंदीच्या जाळीपाशी शेवटचं वळण होतं. गोटीराम आधी आला. त्याचं घड्याळ मी रेघेवर दाबलं. तो उतरला, तोंड पुसलं, तांब्याभर पाणी प्यायला आणि माझ्या मागे येऊन उभा राहिला. मग दादा आला. त्याची जीप वळणावर दिसली आणि मी बटण दाबलं.

वळणापासून रेघेपर्यंत सहा सेकंद लागतात. पुढच्या महिन्यात मी दादालाच जीप घेऊन तिथे नेलं, करवंदं तोडायची म्हणून, आणि वळणापासून शर्यतीसारखी जीप पळवायला लावून मोजले. तेव्हा तीन सेकंदांनी दादा जिंकला नव्हता, तीन सेकंदांनी हरला होता.

बोट चुकून दाबलं गेलं, असं चाळीस वर्षं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. तात्या माझ्याकडे बघत होते, आणि मला त्यांचा चेहरा उतरलेला बघायचा नव्हता. दादाला हे कधी कळलं नाही. पुढे नोकरीत मी किराणावाल्यांचे काटे तपासत हिंडले. शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम कमी भरले तर काटा जप्त करायचे आणि वर शाळेत नन्सनी शिकवलेल्या इंग्रजीत झापायचे. कुणी गयावया केली तर मला बरं वाटायचं, हेही लिहून टाकते.

आता तुझ्या मापाचं बोल. दादासुद्धा सरस जोडीदाराच्या मागेच होता. तरी त्याला जागा मिळाली, आणि जागा मिळाली म्हणून तो मोठा झाला. तीन सेकंदांनी हरलेला तुमचा देव, आणि तीन दशांशांनी हरलेली मुलगी घरी बसणार? तू मागितलंस ते मी दाखवलं आहे. नाव खोड.

गोटीरामबद्दल काही लिहीत नाही. ते लिहायला मला तोंड नाही.

माझ्यावरची माया कमी झाली तर कळव. अंदाजानं जगायचा मला कंटाळा आला आहे.

तुझी
मीनाताई


॥ श्री ॥
सिन्नर
२४ नोव्हेंबर २०२५

ती. मीनाताईस सोमनाथचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन मी घोटीला गेलो. गोटीराम आता सदुसष्टचा आहे. अडतीस वर्षं त्यानं ट्रकवर गिरणीचा भात वाहिला. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, म्हणून मीच त्याला वाचून दाखवलं. नंतर तो म्हणाला की हे त्याला त्याच दिवसापासून ठाऊक आहे. तो तुझ्या मागे उभा होता. जीप अजून जाळीपाशी होती आणि ताईंच्या घड्याळाचा काटा थांबलेला त्याला दिसला. बोलला का नाहीस, असं मी विचारलं. त्यावर म्हणाला, की तात्यांच्या गॅरेजात त्याची भाकरी होती आणि वेळ मालकाच्या लेकीनं लिहिली होती; सांगायचं कुणाला? मुंबईची माणसं त्या दिवशी जास्त तेज असेल त्याला न्यायला आली होती, एवढं मात्र त्याला माहीत होतं.

सप्टेंबरची नाशिकची शर्यत तो कुंपणाच्या जाळीमागे उभा राहून बघून गेला होता. मला न भेटता. मी तेजूबद्दल विचारलं. पोरगी लय चांगली हाय म्हणाला, वळणात घाबरत नाय, दोन-तीन वर्षांत कुणाला ऐकायची नाय. पण आज तो पोरगा तिच्या पुढं हाय. मग मी काय करू, असं मी विचारलं. त्यानं उलट एवढंच विचारलं, की दोघांत घरचं कोण.

चहा पिऊन निघालो आणि तीस तारखेची वाट न बघता रविराजचं नाव पाठवून दिलं.

तेजूला या वेळी समोर बसून सांगितलं. तुझं पत्रही वाचायला दिलं. ते माझं चुकलं असेल, पण या घरात झाकून ठेवलेलं आता पुरे झालं.

तू मला थोरली आहेस आणि राहशील. त्यापलीकडचं आज लिहवत नाही.

तुझा
सोमनाथ


सिन्नर
२८ नोव्हेंबर २०२५

ती. मीनाआत्यास तेजस्विनीचा सा. न.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की ते तू माझ्यासाठी लिहिलं आहेस, आणि मग जास्त राग आला.

तू मला कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगते. रविराज माझ्याहून तेज आहे, हे मला बाबांच्या आधी कळलं होतं. तो ब्रेक माझ्यापेक्षा हात-दोन हात उशिरा दाबतो, आणि गाडी तरी सरळ राहते. ते मी शिकत होते. सुरुवातीला सहा दशांश मागे होते, शेवटच्या शर्यतीत एक. हा आकडा फळ्यावरही नव्हता आणि तुझ्या पत्रातही नाही, कारण तुम्ही दोघांनी सरासरी काढली. बाबांना हेच सांगायला मी फळ्यासमोर उभी राहणार होते. तेवढ्यात तुझं पत्र आलं. आता मी तोंड उघडलं की ते घरचीचं तोंड होतं. गोटीरामकाकांसमोर तर मला बोलायचा हक्कच उरला नाही.

पुढच्या वर्षी कदाचित मी त्याच्या पुढे असते. ते आता कुणालाच कळणार नाही, मलासुद्धा.

मी सध्या वर्कशॉपमध्येच आहे. रविराजची गाडी मी बांधते आहे, गेलेल्या मेकॅनिकांच्या जागी. नाशिकला एवढ्यात येणार नाही. गुडघ्याला तेल लाव. लोभ आहे, तो मागायची तुला गरज नाही. फक्त यापुढे माझ्या बाजूनं काही मोजू नकोस.

तुझी
तेजस्विनी