वासराचं शेवटचं कडवं

श्री

बार्शीटाकळी, ता. १२ आक्टोबर १९३६

चि. सौ. गोदाबाई हिस,
खुशालरावाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो कामामुळे नव्हे, काहीच काम नसल्यामुळे. मास्तरकीतून मोकळा झाल्यापासून सगळे वार सारखेच झाले आहेत.

सकाळी प्रार्थनेच्या सुमारास पाय आपोआप शाळेकडे वळतात. मागच्या निंबाखाली उभा राहून पोरांच्या कविता ऐकतो. नवे मास्तर भारी घाईनं म्हणवून घेतात, जशी गाडी सुटते आहे. परवा त्यांनी खिडकीतून मला पाहिलं आणि आत या म्हणाले. मी नको नको म्हणून निघून आलो. घरी आल्यावर ध्यानात आलं की दोन दिवसांत मी तोंडातून काढलेले शब्द तेवढेच. तुझी वहिनी असती तर हसली असती. सुभद्रेला जाऊन येत्या माघात सहा वर्षं होतील.

आपण नांदगावच्या विहिरीवर बसून पाठ करायचो ती वाट चुकलेल्या वासराची कविता तुला आठवते का? मी तुला अक्षरं शिकवली ती त्याच कवितेवर. पस्तीस वर्षं वर्गात शिकवली, आणि आता शेवटचं कडवंच आठवत नाही. वासरू रानात हिंडतं, सांज होते, इथवर येतो आणि थांबतो. पुस्तक वाळवीनं खाल्लं. तुला येत असेल तर लिही.

आता मुद्द्याचं. अकोल्याच्या मैदानावर एक कार्निवल कंपनी उतरली आहे. सात माणसांना सात खड्ड्यांत ठेवून वर फळ्या आणि माती टाकणार. हवेला बांबूची नळी, प्यायला पाणी, खायला फुटाणे आणि हाताशी घंटेची दोरी. ज्यानं दोरी ओढली तो बाद. शेवटी उरेल त्याला तीनशे रुपये रोख. लोक तिकीट काढून नळीतून डोकावणार. मी नाव दिलं आहे.

रागावू नकोस. तेवढ्यात तुमच्या मळ्याच्या कडेला माझी एक खोली उभी राहते. नत्थुजींनी मला चारदा बोलावलं, पण भाऊ बहिणीकडे पाहुणा म्हणून शोभतो, वळकटी काखेत मारून आलेला शोभत नाही. तीन भाऊबिजा मी निमित्त काढून चुकवल्या. ताटात टाकायला काही नव्हतं, हे आज लिहून टाकतो.

नत्थुजींस नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहू दे, एवढंच मागणं.
खुशालराव


श्री

राजापेठ, अमरावती, ता. १६ आक्टोबर

ती. दादाच्या पायी गोदीचा सा. न. वि. वि.
तुहं पत्र वाचलं अन् मी वांग्याच्या वाफ्यातच बसली. तुले याड लागलं का रे? मेलेल्या मानसाले गाडतात तेही चार मानसं रडल्यावर. तू जितेपनी तिकिटाच्या तमाशात गाडून घेऊन राहिला. अठ्ठावन्न वर्साचा घोडा झाला, दमा हाय, अन् फुटाण्यावर राहतो म्हनतो. दात किती उरले तुहे?

आमच्या ह्याईले वाचून दाखोलं. ते म्हनाले का मास्तराले मातीत जायाची हौसच असन तर आपल्या मळ्यात रताळे खनाचे हायेत, वरून दोन वक्त जेवनही देऊ. बोलले हसून, पन मंग पान खायाचं इसरले.

खोली काहून पाह्यजे तुले? आमचा सोपा काय ओस पडला? मी तीन भाऊबिजा ताट घेऊन तुही वाट पाह्यली, ते ताटात काय पडते हे पाहाले का? तिन्ही बार ताट तसंच पुसून ठेवलं मी.

वासराची कविता मले पुरी येते. शेवटचं कडवंही येते. पन लिहून देनार नाही. पाह्यजे असन तर येऊन आयक.

जाऊ नको. धाकट्या बहिनीचं कवा तरी आयकत जा, मंग लोभाचं बोल.
तुही गोदी


श्री

अकोला, ता. २६ आक्टोबर

चि. सौ. गोदाबाईस आशीर्वाद.
तुझं पत्र तीनदा वाचलं. तरीही आलो. उद्या सकाळी आम्हाला खाली उतरवतील.

आज कागदावर सही घेतली. जिवाचं बरंवाईट झालं तर कंपनीकडे बोट दाखवायचं नाही. गेल्या साली दुसऱ्या एका गावी एकजण मेलेलाच निघाला, असं इथे हळू आवाजात बोलतात. काळी माती वाळायला लागली की भेगाळते आणि बाजू ढासळते, हे माळ्याच्या पोराला कोणी सांगायला नको.

कारकुनानं प्रत्येकाला एक कोरं कार्ड दिलं आणि घरचा पत्ता घालून खिशात ठेवायला सांगितलं. नीट वर आलो तर मीच त्यावर दोन ओळी लिहीन. नाही आलो, तर तो कोपरा फाडून तेच टपालात टाकील. वारसाच्या रकान्यात तुझं नाव घातलं. लिहिताना वाटलं, एवढ्या मोठ्या वऱ्हाडात माझ्यासाठी डोक्यावरून पाणी घेणारं कोणी आहे का? नत्थुजींच्या घरचं सुतक तुला, माझं लागलं तरी किती! असले विचार संध्याकाळी येतात. मनावर घेऊ नकोस.

शेजारच्या खड्ड्यात उत्तमराव म्हणून एक गृहस्थ असणार, कापसाच्या जिनिंगात होते, काम सुटलं. घरी म्हातारी आई. मला मास्तर म्हणतात. बरं वाटलं.

भेट होईतो आठवण असू दे.
खुशालराव


श्री

अकोला, ता. ३ नोव्हेंबर

चि. सौ. गोदाबाईस अनेक आशीर्वाद. वि. वि.
माझं दोन ओळींचं कार्ड पोचून तुझा जीव भांड्यात पडलाच असेल. वर निघाल्यावर डोळ्यांपुढे नुसता पांढरा उजेड. खिशातून कार्ड काढून अंदाजानंच खरडलं आणि गर्दीतल्या एकाच्या हाती टाकायला दिलं. मग ताप चढला. आज उठून बसलो आहे, तेव्हा सगळं सविस्तर.

खाली घड्याळ नव्हतं. मी कवितांवर वेळ मोजला. पहिलीपासून सातवीपर्यंतच्या सगळ्या सावकाश म्हटल्या की नळीतला रुपयाएवढा उजेड छातीवरून गुडघ्यावर जाई. प्रत्येक कविता संपली की उत्तमराव पलीकडून मातीवर तीन ठोके देत. गोदे, पस्तीस वर्षांत कोणी मला अशी दाद दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भेगेतून एक उंदीर आला. त्याचा डोळा माझ्या सदऱ्याच्या खिशावर, तिथे फुटाणे होते. खिशात तोंड घालून कुरकुर करत बसे. मी हाकललं नाही. सहा वर्षांत माझ्या जेवणाला वाटेकरी नव्हता.

एकेक घंटा वाजत गेली. चौथ्या दिवशी नळीतून सांगितलं की आता तुम्ही दोघंच. मी वासराची कविता म्हटली, सांजेपर्यंत आलो, थांबलो. ठोके आले नाहीत. पुन्हा म्हटली, मोठ्यानं. नाही आले. नळीतून ओरडलो की शेजारी पाहा. वरचा माणूस म्हणाला, झोपला असेल, आणि घंटेवाचून फळी काढली तर खेळ मोडतो.

आता जे लिहितो ते तुलाच. मी लगेच दोरी ओढली नाही. गप्प राहिलो तर खोली माझी होती. तिची खिडकीसुद्धा मी ठरवली होती, मोगऱ्याच्या वाफ्याकडे. एका कवितेपुरता मी गप्प बसलो. मग त्या काळोखात मला त्या खोलीत एकट्यानं भाकरी खाणारा एक माणूस दिसला, आणि मी दोरी ओढली.

उत्तमरावांची बाजू ढासळून नळी बुजली होती. शुद्ध नव्हती. तोंडावर पाणी मारून, छाती चोळून श्वास आला. घंटा माझी वाजली, म्हणून मी हरलो आणि बेशुद्ध गडी जिंकला! लोक खवळले तशी कंपनीनं त्यांच्या आईच्या हाती रक्कम ठेवली आणि तंबू गुंडाळून पळ काढला.

आम्हा दोघांना खाटेवर घालून इथे त्यांच्या घरी आणलं. पार्वताबाई, त्यांची आई, अर्धे रुपये घ्या म्हणून हट्टाला पेटल्या. मी नाही म्हटलं. तेव्हा त्यांनी विचारलं, बहीण आहे का. आज सकाळी माझ्या उशाशी हिरव्या काठाचं लुगडं ठेवून गेल्या. तेवढं घेतलं. टपालानं पाठवीन.

उद्या बार्शीटाकळीला जातो. खोली काही झाली नाही. माझं जे आहे ते ठीक आहे. उत्तर तिकडे लिही, लोभात उणं पडू देऊ नकोस.
खुशालराव


श्री

राजापेठ, अमरावती, ता. ६ नोव्हेंबर

दादास गोदीचा नमस्कार.
जीव भांड्यात पडला म्हनतो? आयक मंग.

किसनराव टपालवाला रोज ओट्यावर चढून पानी मागते. सोमवारी दुसऱ्या आळीचं टपाल वाटून आला अन् फाटकातच उभा राह्यला, चपला काढून. हातात कारड. पत्ता तुह्या हातचा, अन् कोपरा नाही. तूच लिहून धाडलं होतं ना, कोपरा नसला म्हंजे काय समजाचं ते? असं पत्र कोनी वाचते का, का घरात घेते? फाटकाबाहेर निंबाच्या खोडाशी टाकलं. विहिरीवर गेली, लुगड्यानिशी डोक्यावरून पानी घेतलं. एक घागर नाही, सात घागरी. शेजारनीनं तिसऱ्या घागरीले हात धरला, मी झटकला. कितीचं सुतक लागते ते मी मोजलं नाही.

हे उन्हातच अकोल्याले गेले. तिथं तंबू नाही, कोनी नाही, सात खड्डे उघडे. एक म्हनला का मास्तर मेला, दुसरा म्हनला का जिनिंगवाला मेला, खाटेवर घालून नेलं, कुठं ते ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी हे वापस आले अन् उपरन्याची गाठ सोडली. खड्ड्यातली माती आनली होती. म्हनले, मास्तराचं हातात एवढंच लागलं. पंचवीस वर्साच्या संसारात मी ह्याईले रडतानी पाह्यलं नव्हतं. मेथीचा बाजार होता, दोन दिस मळ्यातून भाजी काढली नाही. शेजारनीनं पिठलं-भाकर आनून देल्ली.

अन् काल तुहं हे लांबलचक पत्र आलं. मी ओट्यावर बसून वाचलं, हसली का रडली सांगता येत नाही. मंग निंबाखालून ते कारड शोधून आनलं. कोपऱ्यावर बारके बारके दात. तुहा वाटेकरी! फुटाण्यासंगं कोपराही खाल्ला त्यानं.

आता मी बोलते अन् तू गुमान आयकजो. मी तुह्या नावानं आंघोळ केली. ती काही वापस होत नाही. बहिनीच्या घरी ऱ्हायाले लाजनारा, ताट पाहून तोंड लपवनारा, असा एक माहा भाऊ होता, तो मेला. त्याचं सुतक फिटलं. त्याची माती ह्याईनं मोगऱ्याच्या वाफ्यात टाकली. मेलेल्या मानसाले लाज नसते दादा. आता तिथं जो राह्यला हाय त्याले वळकटी घेऊन ये म्हन. खोली नाही देत. सोप्यात खाट टाकली हाय, ह्याईच्या खाटेच्या बाजूले. ते घोरतात, आताच सांगून ठेवते.

लुगडं टपालानं धाडलं तर मी घेनार नाही, किसनरावालेही सांगून ठेवलं. हातानं आन, ताटात टाक.

कडवं मले अजून पाठ हाय. ते आल्यावर.
तुही गोदी


श्री

बार्शीटाकळी, ता. ९ नोव्हेंबर

चि. सौ. गोदाबाईस आशीर्वाद.
आज शाळेत जाऊन नव्या मास्तरांना घराची किल्ली दिली आणि निंबाखाली उभं न राहता आत, बाकावर बसून एक कविता ऐकली. वळकटी बांधली. तिच्यात लुगडं आहे. बुधवारी बडनेऱ्याला गाडी बदलून दुपारपर्यंत पोचतो. नत्थुजींना रताळी माझ्यासाठी ठेवायला सांग, माती खणायची मला आता सवय आहे.

कार्डाचे चारही कोपरे उजेडात धरून पाहिले, शाबूत आहेत. तेव्हा हे घरात ने आणि वाच.

वासरू निघालं आहे.
तुझा दादा