माझं उरलेलं

ताई,

आधीची दोन पत्रं खिशातच राहिली, हेही राहील. तुला न सांगताच मी वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं. पोट आता मुठीएवढं झालंय. बुटांचं माप मात्र तेच आहे हं! कामावर, गोदामात, चार चमचे भात चावायला मला अर्धा तास लागतो, तोवर सोबतचे सगळे उठून जातात. पूर्वी "जाड्या, एवढं संपव रे" म्हणून हाका मारायचे. आता कोण मारणार?

लहानपणी आईची नजर चुकवून तूही तुझा भात माझ्या ताटात ढकलायचीस. काल खोलीवर माझेच दोन घास उरले. तू बसायचीस त्या बाजूला ताट सरकवलं, तर भिंतीला लागलं.

घरी येऊ का? वाढू नकोस काही, नुसती शेजारी बस.

तुझाच,
जाड्या