मामंजींशी झालेली बरोबरी

रहिमतपूर, ता. ६ जून १९४६

तीर्थरूप नानासो दादांच्या पायांवर डोके ठेवून धाकट्या चंद्राचा नमस्कार.

आम्ही सर्व बरे आहोत. गिरणीतल्या कापसाने तुमचा खोकला वाढला नाही ना? वहिनी काढा देतात तो पीत जा (मोरीत ओतता हे त्यांना ठाऊक आहे, त्यांनीच कळवले).

दादा, लहानपणी फरशीवर कोळशाने पट आखून, सुपारीचा राजा आणि चिंचोक्यांची प्यादी करून तुम्ही मला बुद्धिबळ शिकवलेत, त्याचे उपकार मानायला हे पत्र. दिवाळीत मामंजी बैलगाडीतून पडले, पाय मोडला. एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत बसायचे. मी पाणी द्यायला गेले तेव्हा “वजीर जातोय” असे माझ्या तोंडून निघून गेले, आणि त्यांनी मला समोर बसवले. (पलटणीतले सुभेदार, त्यांना नाही कोण म्हणणार?) तेव्हापासून जितके डाव त्यांचे, तितकेच माझे.

गेल्या महिन्यात मी अर्ज भरून मामंजींपुढे ठेवला आणि विचारले, साताऱ्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाऊ का? (तुमच्या दाजींना आधी पलटणीत लिहिले होते. उत्तर आले, ‘आबा म्हणतील तसे.’ ब्रह्मदेशात जपान्यांशी लढलेला माणूस!) मामंजींनी अर्ज ठेवून घेतला आणि दोन दिवसांनी म्हणाले, “डाव मांड. जिंकलीस तर जा. हरलीस तर पुन्यांदा इषय काडायचा न्हाई.”

डाव दोन दिवस चालला. पहिल्या दिवशी आमटी करपली. मामंजी मुकाट जेवले, सासूबाई मुकाट राहिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझा वजीर गेला, मागोमाग हत्ती. कोपऱ्यात एकटा राजा उरला. मी पदराने डोळे टिपले आणि घाम आहे म्हणून सांगितले. मामंजींनी वजीर पुढे ठेवला. “आटापलं.”

मी पाहिले, तर राजाला शह नव्हता आणि हलायला घरही नव्हते.

“मामंजी, शह न्हाई. ही बरोबरी झाली.”

ते पटाकडे बघत राहिले. चहावर साय धरली. मग म्हणाले, “व्हय. मी काय जिंकलो न्हाई. मंग तुला कशाला अडवू? जा.”

त्यांच्या पाया पडले, तेव्हा मनातून तुमच्याही पडले.

तुमची,
चंद्रा

ता. क. मी गेल्यावर मामंजींशी कोण खेळणार? पाय अजून टेकवत नाही. महिनाभर रजा काढून या. मुद्दाम हरू नका, ते ओळखतात.

आणखी एक. सासूबाई आत्ता सांगतात, माझ्या अर्जावर सही करून मामंजींनी तो डावाच्या आदल्या दिवशीच टपालात धाडला होता. मग दोन दिवस माझा जीव का काढलात, असे विचारायला गेले, तर म्हणाले, “तू जानार हे ठरलंच व्हतं. असा डाव मला पुना कवा मिळायचा?”