डोळा-केंद्र, कुंभार पिंपळगाव

१४ ऑक्टोबर, सोमवार
आजपासून आपलं चष्म्याचं दुकान हे डोळा-केंद्रही. पेशंटच्या डोळ्याचा मोबाइलवर फोटो काढायचा, तीन प्रश्न विचारायचे, सगळं जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टर लायबा मॅडमना पाठवायचं. मॅडम रंग कळवतात. लाल म्हणजे आजच या, पिवळा म्हणजे आठवड्यात, हिरवा म्हणजे घरीच उपचार. पहिल्या दिवशी सात पेशंट. सहा रंग मी आधीच ओळखले. संकल्प: महिनाभरात मॅडमना विचारायची गरजच पडू नये.

१५ ऑक्टोबर, संध्याकाळ
सोयाबीनच्या मळणीत भुसाचा कण उजव्या डोळ्यात गेला. पाणी मारलं. हिरवा.

१७ ऑक्टोबर
डोळा लाल. ठणकतो. पण डोळा लाल असणं वेगळं आणि केसचा रंग लाल असणं वेगळं, हे सामान्य माणसाला कळत नाही. कपाटात मागच्या वर्षीचे ड्रॉप्स होते, ते घातले. लेक आकांक्षा म्हणते, मॅडमना फोटो पाठवा. केंद्रचालकच पेशंट झाला तर गावानं बघायचं कुणाकडे? गॉगल लावून दुकानात बसलो. छाप पडली.

१८ ऑक्टोबर, सकाळ
झोप नाही. मोबाइलही बिघडला, सगळे फोटो धूसर. मॅडम म्हणतात, फोटो स्वच्छ येतात. कंपनीकडे तक्रार करणार. तिन्ही प्रश्न स्वतःला विचारले. दुखतं का? सहन होतं. उजेड सोसतो का? गॉगलमधून सोसतो. धूसर दिसतं का? मोबाइलमुळे.

दुपारी ४
युक्ती सुचली. माझ्याच डोळ्याचा फोटो पाठवला, नाव शेजारच्या भिवाचं. हिरवा आला की आकांक्षाला दाखवणार.

४.०५
लाल.

५.३०
लाल पेशंट नेणारी दवाखान्याची गाडी नेमकी जवळच घनसावंगीत होती. मी तोंड उघडेपर्यंत तिनं भिवाला शेतातून उचलून नेलं. डोळा बराय, असं तो सांगत होता. ड्रायव्हर म्हणाला, सगळे असंच म्हणतात.

७.४०
मॅडमचा फोन. भिवाचे दोन्ही डोळे ठणठणीत. वर त्यानं सांगितलं म्हणे, "आमचे भागवतराव कालपासून गॉगल लावून बसून राह्यले." मॅडमनी मला गॉगल काढून व्हिडिओवर यायला सांगितलं. मग म्हणाल्या, आत्ता निघा, गाडी तुम्ही चालवू नका.

२३ ऑक्टोबर, जालना, दवाखाना
दर तासाला ड्रॉप्स. मला लिहायला बंदी, म्हणून आकांक्षा लिहून घेते. बुबुळावर जखम, तिच्यात बुरशी. जुन्या ड्रॉप्सनी ती वाढली. आणखी दोन दिवस गेले असते तर डोळा गेला असता, असं मॅडम म्हणाल्या. आता वाचेल. आज तक्त्यावरच्या वरच्या दोन ओळी दिसल्या.
भिवा भेटून गेला. मी माफी मागितली. तो रागावला नाही. पुढच्या टायमाला रामकिसनचं नाव लिहा म्हणाला, त्याला जालन्यात काम आहे.
हा सगळा प्रकार म्हणजे केंद्राची चाचणी होती, असं लिही, म्हटलं. आकांक्षानं पेन खाली ठेवलं.
"पप्पा, तुम्ही घाबरल्ता. तसं लिहू का?"
लिही, म्हटलं.