चार नंबरची पुडी

अकोला
२ ऑगस्ट २००५

ती. कौसल्याताईस,
राजदीपचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्या शेताने माझं नशीब काढलं. तुला कपाशीचे सहा वाण पेरायला दिले होते. त्यांच्या रोपांच्या ज्या सहा पुड्या तू दिल्यास, त्यातल्या पाच पुड्यांतल्या मुळांवर लव आहे, असायला हवी तशी. चार नंबरचं मूळ मात्र भिंगाखाली काचेसारखं गुळगुळीत. एकही मूलरोम नाही.

यात आनंद कसला, असं तू म्हणशील. ही लवच ढेकळातलं पाणी शोधते. ती कोणत्या जनुकामुळे उगवते हे कळलं, तर जास्त लवेची, कमी पाण्यात तगणारी कपाशी करता येईल. आणि ते कळायला आधी लव नसलेलं झाड सापडावं लागतं. बिघडलेलं पाहूनच चालणारं कळतं.

माझ्या संशोधनाच्या सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. हैदराबादच्या परिषदेला माझ्या नावाने निबंध गेला आहे.

मुळाचे केस मोजायला सरकार पैसे देतं का, असं भाऊजींनी विचारलं होतं. देतं म्हणावं, आणि टक्कल सापडलं तर जास्त देतं.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा
राजदीप


बोरी अरब
९ ऑगस्ट २००५

चि. राजदीपास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. आम्ही सारे खुशाल.

तुझं पत्र तुझ्या भाऊजीनं दोनदा वाचलं. टकलाच्या गोष्टीवर लय हासले. मले हासू आलं नाही.

पाच पुड्या म्या मातीसगट कंडक्टरपाशी देल्या, तू सांगतलं तशा. चार नंबरची पुडी घ्यायले तुझे सर, साहेब, सोता बोरीच्या स्टँडवर आले, यवतमाळले जाताना. साहेबाच्या हाती चिखल कसा द्यावा? म्या हापशीवर ते मुळं धुतले. नारळाच्या काथ्यानं घासले, भांडे घासतो तसे. पांढरेफेक झाले. त्यात लव निंगून गेली असन काय? मले समजत नाही म्हणून इचारते.

तू म्हणशील, धुवाले कोणं सांगतलं. कोणंच नाही. पण मांगच्या पावसाळ्यात मी तुझ्या होस्टेलवर आली होती, तवा साहेबाच्या खोलीत जायच्या आधी तू मले नळावर नेलं. दोनदा पाय धुवाले लावले. ते ध्यानात होतं.

स्टँडवर साहेबानं इचारलं, राजदीप तुमचा कोण. म्या म्हटलं, आमच्या गावचा पोरगा. तू त्या दिवशी साहेबाले सांगतलं होतं ना, ह्या गावच्या बाई म्हणून. म्या तेच चालू ठेवलं. तुझं काही बिघडू नये.

जेवत जाय. पत्राची वाट पाहते.

कौसल्या


अकोला
१७ ऑगस्ट २००५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वसतिगृहाच्या पायरीवर वाचलं. मग खिशात घालून दिवसभर फिरलो. कुठे ठेवावं कळेना.

लव तुझ्या काथ्याने गेली. पण चूक तुझी नाही. चार नंबरचं बी ओल्या कागदावर रुजवून पाहिलं असतं तर चार दिवसांत कळलं असतं. मी थांबलो नाही. आता रुजवलं. लव आहे. इतरांसारखीच, साधी.

काल सरांना सांगितलं, मुळं धुतली गेली होती. कोणी धुतली, त्यांनी विचारलं. गावच्या बाईने, असं म्हणायला मी तोंड उघडलं. मग म्हणालो, माझ्या बहिणीने. सर बराच वेळ भिंगाची काच पुसत राहिले. त्यांना तू आठवलीस, दोन्ही वेळची. निबंध परत मागवला आहे. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं होतं.

दुसऱ्यांदा पाय का धुवायला लावले, ते मला सांगता येत नाही. पहिल्यांदाच स्वच्छ झाले होते.

चार नंबरचं मोजमाप पुन्हा घ्यायचं आहे. उरलेलं बी लगेच लाव. दहा दिवसांची रोपं न्यायला सर ५ तारखेला येतील. ढेकळासकट दे. मी येणार नाही. कोणत्या तोंडाने येऊ?

लोभ असू दे म्हणायचा हक्क राहिला नाही. तरी म्हणतो.

तुझा भाऊ
राजदीप


बोरी अरब
७ सप्टेंबर २००५

चि. राजदीपास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

साहेब सोमवारी आले. म्या ढेकूळ तसंच हातात देलं. त्यायच्या सदऱ्याची बाही भरली. म्हणे, ताई, हेच पाहिजे होतं. चिखल झटकलाबी नाही.

जीपच्या मांगच्या पडद्याखालून तुझे बूट दिसत होते. दारव्ह्याच्या बाजारातून म्याच घेतले होते, एक नाडी काळी, एक भुरी. मले ओळखू येणार नाहीत काय? हाक मारणार होती. मंग म्हटलं राहू दे, साहेबापुढं त्याले कायले लाजवा. साहेबबी तिकडं पाहत नव्हते.

भाकर अन् अंबाडीची भाजी बांधून आणली होती, ती साहेबाच्या हाती देली. साहेब, डायवर अन् तू, तिघायपुरती होती. तुले भेटली का?

पुढच्या बारीले खाली उतर. स्टँडवर चिखल आहे, पायाले लागन. घरी पाणी आहे.

तुझी बहीण
कौसल्या